जीवन देवाच्या हाती कसे सोपवावे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

रविवारच्या उपासनेत शेवटचं गीत चालू असताना डोळे मिटून 'प्रभू, माझं सगळं आयुष्य आता तुझ्या हाती' असं ज्यांनी मनापासून म्हटलं आणि दुपारी घरी जाऊन रश्श्यात मीठ कमी पडलं म्हणून आवाज चढवला, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांनी अजून तसं म्हटलेलं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. किंबहुना आधीच वाचलेलं बरं, कारण ते वाक्य उच्चारायला चार-पाच सेकंद लागतात आणि अंमलबजावणीला उरलेला जन्म.

लागणारं साहित्य: एक बायबल, एक वही, एक पेन आणि घरातलं असं एक माणूस, जे तुम्हाला चांगलं ओळखतं आणि तुमच्या साक्षीला सहजासहजी भुलत नाही. यातलं शेवटचं साहित्य बहुतेकांच्या घरी असतंच, फक्त वापरलं जात नाही.

यादी करणे

'सगळं देतो' म्हणणाऱ्याला त्या सगळ्यात काय काय येतं याची कल्पना सहसा नसते. म्हणून वहीत यादी करा. इंग्लंडच्या फ्रान्सिस रिडली हॅवरगल या कवयित्रीने १८७४ साली सर्वस्व अर्पण करण्याचं एक गीत लिहिलं. हात, पाय, आवाज, सोनं-चांदी, बुद्धी, असं एकेक मोजून देवाला देणारं हे गीत जगभरच्या चर्चमध्ये गायलं जातं. बाईंनी गीत लिहिलं तेव्हा दागिने घरातच होते. चार वर्षांनी त्या सोन्या-चांदीच्या ओळीने त्यांनाच गाठलं. रोजच्या वापरापुरतं थोडं ठेवून जवळपास पन्नास डाग, दागिन्यांच्या पेटीसकट, त्यांनी चर्च मिशनरी सोसायटीकडे पाठवून दिले. स्वतःच्याच गीताचं बिल चुकतं करायला कवयित्रीला चार वर्षं लागली. आपल्याला थोडी जास्त लागतील, घाबरू नका.

यादीत लोक काय लिहितात हे ठरलेलं असतं: आजारपण, कर्ज, बदलीचा अर्ज, दारू पिणारा भाऊ. म्हणजे जे आपल्याच्याने आवरत नाही ते. जे व्यवस्थित चाललं आहे ते यादीत सापडत नाही. सोसायटीच्या पुनर्विकासात मिळणारा वाढीव कार्पेट एरिया, मुलीने कोणाशी लग्न करावं (आणि त्या घरचे कॅथलिक की प्रोटेस्टंट), भावकीतल्या कोणाशी बोलायचं नाही हा बारा वर्षांपूर्वीचा ठराव, चर्चमधली ठरलेली बाकाची जागा. देवाकडे आपण भंगार पाठवतो आणि चालू माल घरी ठेवतो.

इथे नवशिक्यांना हनन्या आणि सप्पीरा यांची आठवण करून देणं भाग आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात हे जोडपं जमीन विकतं, काही रक्कम मागे ठेवतं आणि पूर्ण दिल्याचा आव आणून प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवतं. दोघंही तिथेच कोसळून मरतात. ही गोष्ट मंडळीत बहुधा दानार्पणाच्या आधी सांगितली जाते आणि 'बघा, पैसे मागे ठेवले की काय होतं' असा तिचा उपयोग केला जातो. मूळ मजकूर नीट वाचावा. पेत्राचा मुद्दा वेगळाच आहे. जमीन तुझी होती, विकल्यावर पैसाही तुझाच होता, दे असं तुला कोणी म्हटलं नव्हतं, मग खोटं का बोललास? अर्धं देणं चालतं. अर्धं देऊन पूर्ण दिल्याची साक्ष उभं राहून सांगणं चालत नाही. तेव्हा यादीत ज्या गोष्टी आज द्यायच्या नाहीत, त्यांच्यापुढे प्रामाणिकपणे 'अजून नाही' असं लिहा. संत ऑगस्टीनने तरुणपणी शुद्धतेसाठी अशीच मुदत मागून प्रार्थना केली होती आणि ते स्वतःच लिहूनही ठेवलं. देवाने त्याला टाकून दिलं नाही.

नाव कुठल्या रकान्यात चढवावे

ज्यांनी कधी तलाठ्याकडे खेटे घातले असतील त्यांना ही पायरी लगेच कळेल. सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव एका जागी असतं आणि इतर अधिकारांचा रकाना वेगळा असतो. तिथे विहिरीतला हिस्सा, सोसायटीचा बोजा, बहिणीचा हक्क वगैरे नोंदी असतात. आपल्यातल्या बहुतेकांनी देवाचं नाव चढवलं आहे ते इतर अधिकारांत, बँकेच्या बोजाच्या खाली. वहिवाट आपली, पीकपाणी आपलं, बांध कोरणं आपलं. देवाला वाटेने जाण्यायेण्याचा हक्क.

खरा फेरफार करायचा तर भोगवटादारच बदलावा लागतो. आणि फेरफाराची नोटीस लागली की हरकती येतात. पहिली हरकत नेहमी अर्जदाराचीच असते.

अर्ज कसा लिहावा

नवशिक्यांच्या प्रार्थनांचा सर्वात मोठा दोष म्हणजे त्या देवाला फार माहिती पुरवतात. 'प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, पण पुण्यातच, शक्यतो हिंजवडी नको, कारण तिथली ट्रॅफिक तुला माहीतच आहे, आणि जॉइनिंग पंधरा तारखेच्या आत.' अशी प्रार्थना ऐकताना शेजारी बसलेल्याला वाटतं की देव नुकताच कामाला लागलेला कारकून आहे. प्रार्थनासभेत काही जण तर प्रार्थनेच्या आडून इतरांनाही सूचना देतात: 'आमच्या त्या बहिणीला, प्रभू, वेळेवर येण्याची बुद्धी दे.'

याच्या उलट दोषही आहे आणि तो जास्त धोक्याचा, कारण तो धार्मिक दिसतो. काही जण काहीच मागत नाहीत. थेट 'तुझी इच्छा' म्हणून मोकळे होतात. यात नम्रता असतेच असं नाही. पुष्कळदा नकार ऐकण्याची भीती असते. मागितलंच नाही तर नाही म्हणायला देवाला जागा उरत नाही.

या बाबतीत नमुना अर्ज उपलब्ध आहे, तो गेथशेमाने बागेतला. पकडला जाण्याच्या रात्री येशूने आधी स्वच्छ शब्दांत मागितलं की हा प्याला माझ्यापासून टळू दे. मग म्हटलं की माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे. मत्तय सांगतो की हेच त्याने तीन वेळा मागितलं. मध्ये उठून तो शिष्यांना बघायला गेला, तर ते झोपलेले. म्हणजे ज्याच्याकडून आपण समर्पण शिकायचं त्यालाही पहिल्या फेरीत ते उरकलं नाही. त्याला घाम फुटला होता, सोबत हवी होती, आणि सोबत मिळाली नाही. चेहऱ्यावर शांत हसू ठेवून 'मी सगळं प्रभूवर सोडलंय' असं सांगणाऱ्या मंडळींनी ही रात्र जरा सावकाश वाचावी.

तेव्हा क्रम असा: आधी मागा, नाव-गाव घेऊन मागा, रडायचं असेल तर रडून मागा. त्यानंतर सोडा. इच्छा मारून टाकायची नसते, ती बापापुढे मांडायची असते, आणि मांडल्यावर परत उचलून खिशात घालायची नसते. हे शेवटचं जमत नाही म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं. पौलाने आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर आलं. या उत्तरावर समाधान मानायला पौलासारखा माणूस लागतो असं म्हणून सुटू नका. त्यालाही ते तिसऱ्या वेळी ऐकावं लागलं.

तक्रार करता येते का, असा प्रश्न नेहमी येतो. येते. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग तक्रारींचाच आहे. ईयोब आणि यिर्मया या दोघांनीही आपल्या जन्माच्या दिवसाला शाप दिला आणि दोघांचीही पुस्तकं बायबलमध्ये आहेत. ईयोबाच्या मित्रांनी देवाची बाजू फार सफाईने मांडली होती. शेवटी देवाचा राग मित्रांवर निघाला.

खुणा, चिन्हे आणि खेचर

ताबा दिल्यावर सूचना कशा येणार, ही नवशिक्यांची रास्त चिंता. गिदोनाने खळ्यात लोकर पसरून ठेवली: लोकर दहिवराने भिजावी आणि जमीन कोरडी राहावी. तसं झालं. मग त्याने उलटं मागितलं, तेही झालं. लोक या गोष्टीचा दाखला धडाक्याने देतात. गिदोनाला काय करायचं हे देवाने आधीच स्पष्ट सांगितलं होतं, लोकरीचा खटाटोप त्याच्या भीतीपोटी होता, एवढं मात्र विसरतात. आपल्याकडे एकतीस डिसेंबरच्या रात्री नव्या वर्षाचं वचन म्हणून चिठ्ठी उचलायची पद्धत पुष्कळ मंडळ्यांत आहे. चिठ्ठीत समृद्धीचं वचन निघालं तर ती फ्रेम होऊन भिंतीवर जाते. सहनशीलतेचं निघालं तर माणूस हळूच विचारतो, 'दुसरी उचलू का?'

खुणांच्या मागे लागणाऱ्यांसाठी इग्नेशियस लोयोलाचं खेचर हा उत्तम पाठ आहे. तेव्हा तो संत नव्हता. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणात पडून संतचरित्रं वाचली आणि बरा झाल्यावर आयुष्य देवाला द्यायचं ठरवून तो खेचरावर बसून मोन्सेरातच्या दिशेने निघाला. वाटेत एक मूर, म्हणजे मुसलमान प्रवासी, भेटला. मरियेच्या कौमार्यावरून वाद झाला. मूर पुढे निघून गेला. मागे राहिलेल्या इग्नेशियसच्या डोक्यात बसलं की आपण मातेचा मान राखला नाही, याला गाठून खंजीर खुपसावा. करावं की करू नये ते ठरेना. शेवटी त्याने लगाम सैल सोडला. खेचर गावाच्या रस्त्याने वळलं तर मुराला भोसकायचं, राजमार्गाने सरळ गेलं तर जाऊ द्यायचं. गाव तीस-चाळीस पावलांवर, तिकडचा रस्ता रुंद आणि चांगला. खेचर तरीही राजमार्गाने गेलं.

ही हकिगत त्याने म्हातारपणी स्वतःच सांगितली आहे. त्यात देवाचा हात होता की खेचराची अक्कल, हे ज्याने त्याने ठरवावं. मला मात्र त्यातून एवढंच दिसतं की त्या दिवशी ताबा देवाला दिला गेला नव्हता, टाळला गेला होता. निर्णयाचं ओझं जनावराच्या पाठीवर टाकलं होतं. पुढे हाच माणूस निर्णय कसा घ्यावा यावर इतकं बारकाईने लिहितो की चारशेहून अधिक वर्षं लोक त्याच्या पद्धतीने तीस-तीस दिवस एकांतात बसतात. त्याचा एक नियम नवशिक्यांनी फ्रिजवर चिकटवावा: मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नका. खेचरावरचा आणि खोलीतला, दोघं एकच. फरक असा की दुसरा आपल्या मनातली खळबळ देवासमोर बसून तपासतो, हाती चिठ्ठी, लोकर किंवा लगाम धरत नाही. हा दुसरा इग्नेशियस रोममध्ये बसून येशूसंघाचा कारभार पाहत होता आणि त्याची सहा हजारांहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. सगळं देवावर सोडलेल्या माणसाला इतकी पत्रं का लिहावी लागली, याचं उत्तर पुढच्या पायरीत.

(योनाचा मार्ग वापरू नये. देवाने निनवेला जायला सांगितलं, त्याने याफोला जाऊन नेमकं उलट्या दिशेचं तार्शीशचं जहाज पकडलं आणि भाडंही स्वतःच्या खिशातून भरलं. परतीचा प्रवास कशातून झाला हे सर्वांना माहीत आहे.)

हात जोडून बसणे: एक नेहमीची चूक

देवाच्या हाती दिलं म्हणजे आपण आता काही करायचं नाही, असा समज सुखद असल्यामुळे फार पसरला आहे. त्यावर उतारा म्हणजे ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर. प्रशियात १८०५ साली जन्म. तरुणपणी बापाच्या पैशांवर हात मारणारा आणि खानावळीचं बिल बुडवल्याबद्दल तुरुंगाची हवा खाल्लेला मुलगा. तो पुढे इंग्लंडला आला आणि १८३६ साली त्याने ब्रिस्टलमध्ये अनाथालय सुरू केलं. नियम असा की पैसे कोणाकडे मागायचे नाहीत, गरज कोणाला सांगायची नाही, कर्ज काढायचं नाही. सांगायचं ते फक्त देवाला. १८४९ ते १८७० या काळात ॲश्ली डाऊन या टेकाडावर एकामागून एक पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, एका वेळी दोन हजारांवर मुलं राहू लागली. १८९८ साली ते गेले तोवर दहा हजारांच्या आसपास मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि पंधरा लाख पौंडांच्या घरात रक्कम आली होती.

म्यूलरांच्या गोष्टी आपल्याकडे प्रवचनांत पुष्कळ येतात, पण त्यातली एक गोष्ट क्वचितच येते: त्यांच्या वह्या. कोणाकडून किती आलं, कशावर गेलं, याची पै-पैची नोंद. दरवर्षी छापील अहवाल. आता कोणी म्हणेल, अहवाल छापणं हीच मागण्याची आडवाट झाली. हा आक्षेप अगदीच फोल नाही, आणि तो म्यूलरांनाही सुचला असावा. १८४१ च्या अखेरीस हातात पैसा नव्हता, नेमकी तेव्हाच सभेची आणि अहवालाची वेळ आली. त्यांनी दोन्ही पुढे ढकललं. या वेळी अहवाल निघाला तर तो अर्ज ठरेल, म्हणून. विश्वासाने चालणाऱ्या माणसाची चाल इतकी सावध असते. मुलं उपाशी राहू नयेत म्हणून प्रार्थना देवाकडे, आणि किती पाव लागतात याचा हिशेब स्वतःकडे.

म्यूलरांचं पुस्तक वाचून एका मराठी बाईंना प्रश्न पडला: हे ब्रिस्टलमध्ये झालं, हिंदुस्थानात होईल का? त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांना अमेरिकेतून दहा वर्षांच्या मदतीचं वचन होतं आणि ती मुदत १८९८ साली संपायची होती. त्याआधीच, १८९६-९७ च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याकडेच्या शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावला त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे दीड-दोन हजार बायका-मुली होत्या. रमाबाईंचा विश्वास कसा होता हे बघायचं तर प्रार्थनागृहाआधी तिथल्या विहिरी बघाव्यात. शेती, भाजीमळा, गाई, तेलघाणा, विणकाम, छापखाना, अंध बायकांसाठी वेगळं सदन. सकाळी प्रार्थना, आणि मग मुली कामाला. देवावर भरवसा ठेवला म्हणून बाईंनी विहीर खणायची थांबवली नाही. पाणी लागेल की नाही एवढंच त्याच्यावर सोडलं.

सोडायचं काय आणि करायचं काय, याची वाटणी केडगावला अशी दिसते. कष्ट आपल्या नावावर. पाऊस, पाणी, कोण मदत करील, कोण पाठ फिरवील आणि शेवटी नाव कोणाचं होईल, हे त्याच्या नावावर. नवशिके नेमकी उलटी वाटणी करतात.

माल कोणी ताब्यात घ्यायचा

ही पायरी थट्टेवारी नेता येत नाही. तुम्ही ताबा सोडायला तयार झालात की तो घ्यायला देवाआधी माणसं पोचतात. 'प्रभूने मला तुझ्याविषयी दाखवलं आहे' असं म्हणत कोणी पास्टर येईल, कोणी नवरा येईल, कोणी सासू. कुठे नोकरी करावी, कोणाशी लग्न करावं, दशांश किती आणि कोणाच्या खात्यात, मार खाल्ला तरी घर सोडू नये, हे सगळं तुमच्या वतीने त्यांना कळलेलं असतं. अशा वेळी विचारावं की प्रभूला माझा पत्ता माहीत नाही का.

रमाबाईंनी हेच केलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर्सनी त्यांना आसरा दिला होता, माया दिली होती. पण त्रैक्य, ख्रिस्ताचा कुमारीपोटी जन्म, चर्चचा अधिकार यावर रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. थोडं आज्ञेत राहा असं सुचवलं गेलं तेव्हा त्यांनी पत्रातून कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता दुसऱ्याचं चढवून घेणार नाही. आणि गंमत अशी की पुढे त्यांनीच लिहून ठेवलं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे माणसांना शरण जायला त्यांनी नकार दिला आणि ख्रिस्ताला शरण जायला आठ वर्षं घेतली. माझ्या मते ही दोन्ही एकाच मनाची लक्षणं आहेत. जिला कुठे वाकायचं नाही ते नक्की ठाऊक होतं, तिचं वाकणं खरं होतं.

याला जोडूनच: ज्या बाईच्या हातात आयुष्यात कधी कसलाच ताबा आलेला नाही, तिला पहिल्याच दिवशी 'सगळं सोड' असा उपदेश करू नये. तिच्याकडे सोडायला आहे काय? केडगावला मुलींना आधी अन्न मिळालं, मग अक्षरओळख, मग हाताला काम.

आणि गोळ्या बंद करू नका. रक्तदाब देवाच्या हाती दिला तरी तो डॉक्टरनेच मोजायचा. लूक वैद्य होता, आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, नुसती प्रार्थना कर असं नव्हे.

घरातल्या माणसांची सोय

सुरुवातीच्या साहित्यात जे माणूस सांगितलं होतं, त्याची गरज इथे पडते. एका घरात एकाने सर्वस्व देवाला दिलं की दुसऱ्याला किराणा भरावा लागतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू आला की खिसा रिकामा. त्यांचं समर्पण मराठी ख्रिस्ती समाजाला कवितांतून मिळालं, आणि त्या समर्पणाचा घरखर्च कसा भागला हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून कळलं. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना विचारलं गेलं नव्हतं. त्या स्वतः काही वर्षांनी, आपल्या गतीने, स्वतः विचार करून आल्या. सोवळं-ओवळंही त्यांनी आपणच सोडलं. दोघांपैकी कोणाचं समर्पण मोठं, या प्रश्नाच्या उत्तराला दोन बाजू आहेत असं समजलं जातं. मला एकच दिसते. टिळकांना निदान भजन सुचत होतं, बाईंना संध्याकाळची चूल पेटवायची होती.

म्हणून नवशिक्यांना सूचना: सर्वस्व देण्यापूर्वी त्यातलं किती तुमचं आणि किती बायकोचं, हे एकदा तिला विचारून घ्या. दुसऱ्याचं दान करणं फार सोपं.

नूतनीकरण

एकदा दिलं की झालं, असं होत नाही. जॉन वेस्लींनी ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या फ्रेंच चर्चमध्ये लोकांना देवाशी केलेल्या कराराचं नूतनीकरण करायला सांगितलं. अठराशेच्या आसपास माणसं संमती म्हणून उभी राहिली. मेथडिस्ट मंडळ्यांत अजूनही बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला ही उपासना होते. सेवा दे किंवा दुःख दे, भरलेला ठेव किंवा रिता ठेव, अशा अर्थाच्या मागण्या त्या प्रार्थनेत आहेत. बाकीच्या आपण म्हणून जातो. एका जागी मात्र जीभ अडखळायला हवी, ती म्हणजे 'मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव' ही जागा.

कामाला लाव, हे आपल्याला आवडतं. देवासाठी दमणं मानाचं असतं, दमलेल्याला स्टेजवर शाल मिळते. बाजूला ठेव, हे कोणालाच नको असतं. तीस वर्षं संडे स्कूल चालवलेल्या बाईंच्या जागी नवी मुलगी गिटार घेऊन येते. निवृत्त पाळकाला नव्या पाळकाच्या उपासनेत शेवटच्या बाकावर बसावं लागतं. अर्धांगाचा झटका आलेला माणूस, ज्याच्या आवाजावर सगळी मंडळी गायची, आता घरी पडून चर्चची घंटा ऐकतो. यांना 'देवाला सगळं दिलं' म्हणताना जे द्यावं लागतं, त्यापुढे पन्नास डाग काहीच नाहीत. रमाबाईंनी मुक्ती सदन ज्या लेकीच्या हाती द्यायचं ठरवलं होतं ती मनोरमा १९२१ साली त्यांच्याआधी गेली. आई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलची प्रुफं तपासत राहिली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेली. पुस्तक १९२४ साली आलं. छापील प्रत त्यांनी पाहिलीच नाही.

समर्पण साधलं की नाही याचा दाखला कुठेही मिळत नाही. पाळकाकडे मागू नका, तेही त्याच रांगेत उभे आहेत. घरगुती चाचणी मात्र आहे. चर्चच्या कमिटीच्या निवडणुकीला उभे राहा. खजिनदारपदासाठी, कारण त्याच पदासाठी सर्वात जास्त प्रार्थना होतात. अर्ज भरताना 'प्रभूने प्रेरणा दिली' असं तुम्ही म्हणालच. मग पडा. पडल्यावर 'मतदारयादीत घोळ होता' हे वाक्य किती दिवस तोंडातून निघत नाही ते घरातल्या त्या माणसाला मोजायला सांगा. पुढच्या रविवारी उपासनेआधी खुर्च्या लावायला या. नव्या खजिनदाराला कपाटाच्या किल्ल्या द्या, पासबुकं द्या, आणि व्हाउचरची फाइल देताना एकही पान कमी असू देऊ नका.